यंदा फक्त पाणी ठेवा

लेंटच्या सभांना आपली घरं देणाऱ्या, आणि अलीकडे घर देणं थांबवलेल्या, मराठी मंडळ्यांतील सर्व यजमानांस,



हे पत्र उघडं का लिहितोय ते आधी सांगतो. चर्चच्या फळ्यावर नोटीस लावली तर ती लग्नाच्या पुकारांच्या कागदाखाली जाते. उपासनेच्या शेवटी सूचना वाचली तर तोवर निम्मी मंडळी गाड्या काढायला बाहेर पडलेली असते. शिवाय विषय एकट्या आमच्या मंडळीचा नाही. पुणे, सोलापूर, मुंबईकडचे पाळकबंधू भेटले की थोड्याफार फरकाने हीच कहाणी ऐकायला मिळते. तेव्हा आमच्या मंडळीचं नाव घालत नाही. ज्याला आपलं घर ओळखू येईल त्याने ते ओळखावं.

यंदा राखेचा बुधवार 18 फेब्रुवारीला आला आणि त्याच आठवड्यात रमजानही लागला. आपल्या उपवासकाळाचे चार रविवार होऊन गेले. 29 मार्चला झावळ्यांचा रविवार, 3 एप्रिलला उत्तम शुक्रवार, 5 एप्रिलला ईस्टर. आतापर्यंतचा हिशोब द्यायचा तर पहाटेच्या प्रार्थनेला येणारी मंडळी गेल्या वर्षीपेक्षा कमी नाहीत. महिला संघाची शुक्रवारची उपवास-प्रार्थना व्यवस्थित चालू आहे. तरुण संघाने आजारी माणसांच्या घरी जाण्याचं अंगावर घेतलं आणि खरोखर केलं, त्याबद्दल त्यांचं कौतुक. दहावीचे पेपर लेंटबरोबरच सुरू झाल्यामुळे मोठी मुलं दिसली नाहीत. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही, पेपर संपले की ती येतील.

तक्रार आहे ती बुधवार-शुक्रवारच्या घरसभांची.

लेंटच्या तोंडावर आम्ही सभांची यादी करतो. संध्याकाळी साडेसात वाजता कुणाच्या घरी जमायचं, ते मंडळींनीच नावं देऊन ठरवायचं. जुन्या वह्या काढून पाहिल्या तर या यादीत सगळं नगर शहर दिसतं: मिशन कंपाउंडातल्या खोल्या, हॉस्पिटलच्या आयांच्या आणि वॉर्डबॉयच्या क्वार्टर्स, रेल्वेलाइनकडची वस्ती, शाळेच्या शिपायाचं घर, सावेडीतले बंगले. यंदाच्या यादीत सावेडी आहे, नव्या सोसायट्या आहेत, दोन फार्महाउसं आहेत. वस्तीतलं एकच घर आहे, आणि तेही त्या घरातल्या आजी हट्टी म्हणून.

ही घरं गेली कुठे? विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: ‘जागा कमी पडते, पाळकसाहेब.’ खोली होती तेवढीच आहे. त्याच खोलीत पूर्वी तीस माणसं मांडीला मांडी लावून बसायची, दारात चपलांचा ढीग पडायचा, आणि ज्यांना आत जागा मिळायची नाही ते ओट्यावरून गाणी म्हणायचे. खरं कारण मला कुणी सांगितलं नाही. ते पाळकीणबाईंना सांगितलं, तेही भांडी घासता घासता. दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या एका बाईंनी हिशोब मांडला: चाळीस माणसांचा समोसा, सोबत गोड, वर चहा, कागदी प्लेटा, आणि शेवटी लहान मुलांना फ्रुटी. ‘मागच्या सभेत दोन गोड पदार्थ होते. मी नुसता चहा दिला तर उद्या मंडळीत तोंड कसं दाखवू?’

म्हणजे उपवासाच्या दिवसांत आपल्याकडे प्रार्थनेचा मान खाऊ घालायच्या ऐपतीवर ठरू लागला आहे.

हे कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. आधी चहा होता. मग चहाबरोबर बिस्किटं आली, कारण आजींना नुसता चहा पित्त करतो. मग चिवडा आला, कारण बिस्किटं मुलांनीच संपवली. मग कुणाच्या तरी मुलाला नोकरी लागली, त्या आनंदात समोसे आले, आणि पुढच्या घराला समोशाच्या खाली उतरता येईना. आता पावभाजीचा तवा अंगणात लावलेला असतो. गेल्या लेंटमध्ये एका ठिकाणी केटररची माणसं गणवेशात उभी होती आणि मी येशूच्या अरण्यातल्या चाळीस दिवसांवर संदेश देत होतो.

त्या संदेशाचंही सांगतो. सभेत आधी गाणी, मग घरच्यांकडून स्वागत, मग पाहुण्या वक्त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार, मग फोटो, मग सगळ्यांनी मिळून परत एक फोटो. वचनाची पाळी येते तेव्हा यजमान कानाशी येऊन म्हणतात, ‘दहा मिनिटांत आटपा, गरम आहे.’ प्रार्थनेच्या विनंत्या विचारायला तर वेळच उरत नाही. घरसभा असते ती त्यासाठीच. कुणाच्या घरी आजार आहे, कुणाची नोकरी गेली, कुणाचा मुलगा बोलत नाही, हे माणूस चर्चमध्ये माइकसमोर सांगत नाही. सतरंजीवर गुडघ्याला गुडघा लागला की सांगतो.

यावर तुमचं उत्तर मला पाठ आहे. दारात आलेल्या माणसाला कोरडं पाठवायचं नाही, ही आपली रीत. खरं आहे, आणि ही रीत चांगलीही आहे. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ आपल्या प्रत्येक घरात असतं, निदान असायला हवं. टिळकांच्या घरी माणसांचा राबता केवढा होता, आणि खिशात पैसा नसताना लक्ष्मीबाईंनी किती जणांना वाढलं, ते त्यात वाचा. पण त्यांच्या घरी जो यायचा त्याला भूक असायची, आणि घरात जे असेल ते वाढलं जायचं. आपल्या सभांना येणारी बहुतेक मंडळी जेवून येतात किंवा घरी जाऊन जेवणार असतात. त्यांना समोसा खाऊ घालणं म्हणजे पाहुणचार खरा, पण त्या पाहुणचाराच्या धाकाने ज्याच्या घरी उद्याचं धान्य नाही तो सभेला घर देणं सोडतो, त्याचं काय करायचं?

पौलाने करिंथच्या मंडळीला झाडलं ते याच कारणावरून. पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय काढा. मंडळी प्रभुभोजनाला एकत्र जमायची, पण खातेपिते लोक आपापलं आधी खाऊन घ्यायचे आणि गरीब उपाशी राहायचे. कामावरून उशिरा सुटणारी माणसं त्यात मागे पडत असावीत, असं भाष्यकार सांगतात. पौल इतका चिडला की तुमच्या एकत्र येण्याने भल्यापेक्षा नुकसानच जास्त होतं, अशा अर्थाचं लिहून मोकळा झाला. प्रभुभोजनाच्या वेळी आपण हाच अध्याय वाचतो, पण तेविसाव्या वचनापासून पुढे. सतरा ते बावीस ही वचनं वाचायची प्रथा नाही. या लेंटमध्ये प्रत्येक घरसभेची सुरुवात त्या सहा वचनांनी करावी, ही माझी पहिली विनंती.

दुसरी विनंती सरळ आहे. उरलेल्या सभांना पाणी ठेवा. फक्त पाणी. माठातलं असेल तर उत्तम. चहासुद्धा नको. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी खिशात दोन खजूर ठेवावेत, ते कुणाला दाखवायची गरज नाही. हा नियम बंगल्याला आणि खोलीला सारखाच लागू, आणि पाळला जातोय की नाही ते मी स्वतः पाहणार आहे. एखाद्या घरी ताटं निघाली तर आशीर्वाद देऊन उठून जाईन. वाईट वाटून घेऊ नका, आधीच सांगून ठेवतो.

‘लेंटमध्ये पाहुण्यांना खाऊ घालणं ही आपल्या पूर्वजांची परंपरा आहे,’ असं एका वडीलधाऱ्यांनी मला ठणकावून सांगितलं. त्यांच्या वयाला मान देऊन लिहितो. आपल्यापैकी बहुतेकांचे पूर्वज ज्या अमेरिकन मराठी मिशनमधून आले, ते मिशन 1813 मध्ये मुंबईत आणि 1831 मध्ये नगरात आलं. ते काँग्रिगेशनल लोक होते, प्युरिटनांच्या वळणाचे. त्यांच्याकडे लेंट पाळायची रीतच नव्हती. माणसांनी ठरवलेले उपवासाचे दिवस बायबलमध्ये नाहीत, असं त्यांचं म्हणणं. लेंटची शिस्त आपल्याकडे आली ती अँग्लिकन बाजूकडून, म्हणजे एस. पी. जी. मिशनच्या मंडळ्यांकडून. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात उत्तर भारतीय मंडळी, म्हणजे आपली सी. एन. आय., स्थापन झाली. तिच्यात अँग्लिकन, युनायटेड चर्च, बाप्टिस्ट, ब्रेदरन, मेथॉडिस्ट, डिसायपल्स अशा वेगवेगळ्या वळणांच्या मंडळ्या एकत्र आल्या, आणि लेंट सगळ्यांच्या पंचांगात गेला. त्याबद्दल मला आनंदच आहे, मी स्वतः त्याचा पक्का पुरस्कर्ता आहे. पण कॅथलिकांकडे जसा लेखी नियम असतो, कोणत्या दिवशी एकच पूर्ण जेवण, कोणत्या दिवशी मांस वर्ज्य, कोणत्या वयापर्यंत, तसा आपल्याकडे नाही. त्यामुळे जो तो आपापला नियम करतो आणि मग त्याची जाहिरातही करतो.

आपल्या पणज्या-खापरपणज्यांचा उपवास वेगळाच होता. 1876 ते 78 चा आणि 1899-1900 चा, असे दोन मोठे दुष्काळ या जिल्ह्याने पाहिले. पोरकी झालेली मुलं मिशनच्या अनाथाश्रमांत आली, दौंडजवळच्या केडगावात (आपल्या वेशीवरचं केडगाव नव्हे) पंडिता रमाबाईंनी शेकडो मुलींना आसरा दिला. आपल्या मंडळ्यांतल्या कितीतरी घराण्यांची सुरुवात तिथे आहे. ज्यांच्या घरात अन्न नसण्याची आठवण इतकी जवळची, त्यांच्या नातवंडांनी लेंटच्या सभेत दोन गोड पदार्थांची चढाओढ करावी, हे मला पटत नाही. कुणाला ही फार कडक भाषा वाटेल. वाटू द्या.

आता जाहिरातीचं. राखेच्या बुधवारी सकाळपासून मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर घोषणा सुरू होतात. कुणी चाळीस दिवस मटण बंद, कुणी साखर बंद, कुणी चहा बंद. एका तरुणाने सोशल मीडियाचा उपवास धरला आणि त्याची रोजची बातमी सोशल मीडियावर टाकत राहिला. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात उपवासाबद्दल येशूने काय सांगितलं ते शब्बाथशाळेतल्या मुलांनाही माहीत आहे: तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, कुणाला कळू देऊ नका. आणि मटण बंदचं म्हणाल तर आपल्या निम्म्या घरांत मटण रविवारीच शिजतं, तेही पाहुणे आले तर. त्यांना तो उपवास वर्षभर घडतोच. ग्रुपवरच्या घोषणा वाचून त्या घरांतल्या बायकांना काय वाटत असेल, एवढा विचार करून मग बोटं चालवा.

पेट्यांबद्दल. लेंटच्या सुरुवातीला आम्ही प्रत्येक घरी बचतीची पेटी देतो. जे सोडलं त्याचे पैसे तीत टाकायचे आणि ईस्टरला आणून द्यायच्या. गेल्या वर्षी आलेल्या पेट्या उघडताना खजिनदारांसोबत मी बसलो होतो. सर्वांत जड पेट्या कुठून आल्या ते सांगत नाही, तुम्ही ओळखाल. काही पेट्या अजून परतच आलेल्या नाहीत, त्या कपाटावर असतील. मिझोरमच्या मंडळ्यांची गोष्ट इथे सांगावीशी वाटते. तिथल्या बायका 1910 पासून दर स्वयंपाकाच्या वेळी तांदळातली एक मूठ मंडळीसाठी बाजूला काढतात. त्या मुठींवर तिथलं केवढं सेवाकार्य उभं आहे. मूठ मोजत कुणी नाही, पण ती रोज निघते. पेटीतही रोज काहीतरी पडावं, आणि सभेच्या नाश्त्याचा वाचलेला खर्च पूर्णच्या पूर्ण पेटीत जावा. त्या पैशांचं काय होतं, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे, आणि तुम्ही तो वापरत नाही हीसुद्धा माझी तक्रारच समजा. यंदा ईस्टरनंतरच्या रविवारी जमाखर्च फळ्यावर लागेल: जूनमध्ये शाळेची फी भरायला किती, औषधांना किती. फळ्यावर लग्नाचे पुकार असले तर त्यांच्या वर लावू.

मंडळीत दोन गट आहेत, मालमत्तेवरून कोर्टात तारखा चालू आहेत, हे शहराला ठाऊक आहे. त्या प्रकरणात कोण खरं ते कोर्ट ठरवेल. माझी मागणी एवढीच की एका गटाच्या घरी सभा असली की दुसऱ्या गटाची माणसं ‘ड्यूटी आहे’ म्हणून दांडी मारतात, ते या उरलेल्या सभांपुरतं तरी थांबवा. समोर फक्त पाणीच असणार आहे, कुणाचं मीठ खाल्लं असं होणार नाही.

उत्तम शुक्रवारबद्दल थोडं. बारा ते तीन उपासना असते, येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात संदेश. कोणता उद्गार कुणाला मिळाला यावरून दरवर्षी रुसवेफुगवे होतात. पहिला आणि शेवटचा हवा असणारे अनेक, मधले कुणाला नकोत. त्यावर यंदा उपाय केला आहे. तहानेचा उद्गार वस्तीतल्या त्या एका यजमानीण आजींना दिला आहे. मार्च उजाडला की टँकरच्या रांगेत त्यांचा दिवस जातो, तेव्हा त्या विषयावर त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे. बाकीचे उद्गार चिठ्ठ्या टाकून वाटले जातील. कमिटीने हरकत घेतली होती, मी ऐकली नाही.

आणि जे सभासद वर्षात त्याच दिवशी भेटतात, त्यांना: तुम्ही या. पांढरे कपडे घालून या, दीड वाजता या, दोनला जा, काही हरकत नाही. तुम्हाला टोमणे मारणारा संदेश त्या दिवशी कुणी देणार नाही, वक्त्यांना मी तसं बजावलं आहे. एवढंच करा, खुर्च्या म्हाताऱ्या माणसांना सोडा. बारापासून तीनपर्यंत न हलता बसणाऱ्या बायकांना मागच्या वर्षी मंडपाच्या खांबाला टेकून उभं राहावं लागलं, आणि पुढच्या खुर्च्यांवर गाडीच्या किल्ल्या ठेवलेल्या होत्या.

ईस्टरची पहाट स्मशानभूमीत असते. शनिवारी, 4 एप्रिलला सकाळी कबरी साफ करायला चला. विळे-कोयते आणि पाण्याचे कॅन घेऊन या, झेंडूच्या पाट्या दुसऱ्या दिवशी पहाटे आणल्या तरी चालतील. आपल्या घरच्या कबरीबरोबर शेजारचीही एक साफ करा. नाव पुसलेल्या कितीतरी आहेत, त्यांना कुणी वाली उरलेला नाही.

येत्या गुरुवारी पाडवा आहे. शेजारी श्रीखंड-पुरी पाठवतील. उपवासकाळ आहे म्हणून ते वाडगं परत पाठवू नका, खाऊन टाका, आणि रिकामं वाडगं देताना त्यात काहीतरी घालून द्या. लेंट तुमचा आहे, त्यांच्यावर लादायचा नाही.

या पत्रात कुणाला आपलं घर दिसलं असेल तर त्यांनी मला येऊन भेटावं. रागावून भेटलात तरी चालेल. भेटायला आलात तर चहा मिळेल, कारण पाळकाचं घर सभेच्या यादीत येत नाही.

प्रभूच्या सेवेत आपला,
एक पाळक
अहिल्यानगर, 16 मार्च 2026

ता. क. – बुधवार, 25 मार्चच्या सभेचं घर अजून ठरलेलं नाही. रेल्वेलाइनकडच्या किंवा क्वार्टर्समधल्या कुणाला घर द्यायचं असेल तर नाव पाळकीणबाईंकडे द्या. सतरंज्या चर्चमधून येतील. घरात परीक्षेचा अभ्यास करणारं मूल असेल तर सभा अंगणात किंवा गल्लीत घेऊ, पावसाळा नाही.